व्हीव्हीटी हेड चढवलं, पण गाडी थरथरते आणि ओढत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

साध्या इंजिनावर व्हीव्हीटीचं (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागे-पुढे करणाऱ्या यंत्रणेचं) हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, चढवलेली गाडी माझ्याकडे आली की तक्रार पुढच्या चारपैकी एक असते, कधी दोन एकत्र.

पहिली: स्लोला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, थरथरते. सकाळी ठीक असते. जळगावहून धुळ्यापर्यंत पळवून टोलनाक्यावर थांबलं की स्टेअरिंग हातात हलायला लागतं, मिसिंग जाणवतं, कधी इंजिन बंदच पडतं.

दुसरी: स्लो एकदम गुळगुळीत, पण ओढत नाही. चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना जिथे तिसरा गिअर चालायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. साक्रीकडच्या एका पोराने हीच तक्रार एका वाक्यात सांगितली होती, "भाऊ, गाडी घाटमा वढी नही ऱ्हायनी."

तिसरी: सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिनाच्या पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खरखर, मग शांत.

चौथी: चेक लाईट. स्कॅनरने पुसला की दोन दिवस गप्प, मग परत. कोड बहुतेक पी००१०, पी००११, पी००१२ किंवा पी००१६.

पहिल्या आणि दुसऱ्या तक्रारीतला फरक नीट लक्षात घ्या, तिथेच अर्धं निदान होतं. इंजिन स्लोला असताना इनटेक कॅम (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागे, म्हणजे पूर्ण रिटार्डला, असायला हवा. तो पुढेच अडकून राहिला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होण्याआधीच इनटेक बराच उघडतो, जळालेला धूर परत सिलिंडरमध्ये येतो आणि स्लो बिघडतो. म्हणजे स्लो खराब असेल तर कॅम पुढे अडकलाय. उलट कॅम कधी पुढे सरकतच नसेल तर स्लो छान राहतो, पण खालच्या आणि मधल्या आरपीएमला दम लागत नाही. स्लो चांगला आणि ओढ नाही, याचा अर्थ कॅम हलतच नाही. गाडी कोणत्या गटातली आहे ते ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

मुळात हे हेड का चढवतात

आपल्या भागात हौसेपेक्षा गरजेपोटी हे काम जास्त होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रेडिएटरचा पंखा किंवा थर्मोस्टॅट दगा देतो, कोणीतरी काटा वर गेलेला असताना तसंच दहा किलोमीटर दामटतो आणि हेड वाकतं किंवा तडकतं. मग जुन्या बाजारात त्याच घराण्यातल्या इंजिनाचं जे हेड मिळेल ते येतं, आणि ते व्हीव्हीटीचं निघतं. मारुतीचंच उदाहरण घ्या. २००९ मध्ये रिट्झ आली तेव्हा तिच्या १.२ लिटर के-सिरीज इंजिनात व्हीव्हीटी नव्हतं, ताकद ८५ पीएस. २०११ च्या नव्या स्विफ्टमध्ये १.२ ला व्हीव्हीटी आलं, ताकद ८७ पीएस. फक्त जास्त ताकद मिळावी म्हणून कोणी हेड बदलायला निघालं असेल तर हा दोन पीएसचा हिशेब मी आधी समोर ठेवतो. व्हीव्हीटीचा खरा फायदा खालच्या ओढीत आणि मायलेजमध्ये असतो, आणि तोही सगळी साखळी जुळली तरच मिळतो.

साखळी म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची प्रत्येक तपासणी तिच्यावरच उभी आहे. इनटेक कॅमच्या टोकाला व्हीव्हीटी गिअर असतो. त्याच्या आत पाती आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ऑइलचे कप्पे. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हला, ज्याला आपण ओसीव्ही म्हणतो, करंट देतो. ओसीव्ही ऑइल या कप्प्यात किंवा त्या कप्प्यात सोडतो, आणि कॅम काही अंश पुढे-मागे सरकतो. कॅम कुठे आहे हे कॅम सेन्सर ईसीएमला कळवतो. कॅम हलवण्याचं सगळं बळ ऑइलच्या प्रेशरचं असतं, वायर फक्त हुकूम देते. साधा ब्लॉक मात्र वरच्या कॅमला वंगण मिळावं इतकंच ऑइल वर पाठवायला बनवलेला असतो. माझ्याकडे परत परत आलेल्या गाड्यांत खोट बहुतेक ऑइलच्या वाटेवरच सापडली.

१. ऑइल

गेज काडी काढा. लेव्हल बघा, बोटावर घेऊन चोळा, वास घ्या. मग मालकाला विचारा, कोणतं ऑइल टाकलंय?

खानदेशात उत्तर ठरलेलं असतं, "२०डब्ल्यू-५०. आपल्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही." हा समज इतका पक्का बसलाय की त्यावर थोडं थांबून बोलतो. बाहेर ४५ अंश असो की २०, थर्मोस्टॅट आणि पंखा ठीक असतील तर इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपासच राहतं. ग्रेडमधला दुसरा आकडा गरम ऑइलचा, १०० अंशांच्या मोजमापाचा असतो. पहिला, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीतला. व्हीव्हीटी गिअरमधल्या वाटा बारीक, ओसीव्हीची जाळी त्याहून बारीक. तिथून जाड ऑइल वेळेवर पोचत नाही. ईसीएम म्हणतो "सरक", कॅम उशिरा सरकतो, आणि ईसीएम कोड टाकून मोकळा होतो. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा १० च्या खाली उतरतो, त्या दिवसांत सकाळी हा कोड हमखास येतो.

ज्या गाडीचं हेड आहे त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेडच टाका. आजच्या छोट्या व्हीव्हीटी पेट्रोल इंजिनांना तो ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० च्या घरातला असतो. ब्लॉक जुना आहे, ऑइल पितो म्हणून जाड टाकायचं असेल, तर दुखणं रिंग आणि बेअरिंगचं आहे. ते व्हीव्हीटीच्या माथी मारून सुटणार नाही.

फिल्टरही त्याच वेळी बदला. चांगल्या फिल्टरमध्ये इंजिन बंद झाल्यावर ऑइल खाली उतरू न देणारा रबरी पडदा असतो. स्वस्त नकली फिल्टरमध्ये तो कडक झालेला असतो किंवा नसतोच. रात्रभरात वरच्या वाटा रिकाम्या होतात आणि सकाळी प्रेशर येईपर्यंत गिअर खडखडतो. तिसऱ्या तक्रारीच्या कितीतरी गाड्या मी फक्त फिल्टर बदलून परत पाठवल्यात.

ऑइल नवीन भरल्यावर कोड पुसा आणि शंभरेक किलोमीटर चालवा, त्यात थोडा हायवे असू द्या. एवढ्यात निम्मं काम होऊन जातं.

२. वायरिंग आणि कपलर

हेड आलं, पण हार्नेस (वायरींची जुडी) जुनाच आहे का, हे आधी विचारा. साध्या गाडीच्या ईसीएमला ओसीव्ही चालवायची सोयच नसते. हेड चढवणाऱ्याने ओसीव्हीचा कपलर तसाच लटकत ठेवलेला मी पाहिलाय. अशा गाडीत कॅम कायम मागे राहणार, स्लो छान राहणार, ओढ मिळणार नाही, आणि जुन्या ईसीएमला काही माहीतच नसल्याने चेक लाईटही लागणार नाही. साक्रीच्या पोराची गाडी नेमकी अशीच होती. तिला व्हीव्हीटीचा ईसीएम, त्याचा हार्नेस आणि त्याच हेडचा कॅम सेन्सर, तिन्ही हवे होते. ईसीएम बदलला की इमोबिलायझरची (चोरीविरोधी कुलपाची) जुळणीही करून घ्यावी लागते, नाहीतर गाडी स्टार्टच होत नाही.

हार्नेस बरोबर असेल तर कपलर उघडून पिना बघा. हिरवट गंज, ऑइलने भिजलेला कपलर, सैल पिन. शेतातल्या शेडमध्ये उभी राहणारी गाडी असेल तर उंदरांनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा. इंजिनाची अर्थिंग पट्टी हेड उतरवताना सुटते आणि घट्ट करायची राहून जाते. ती हाताने हलवून बघा. पी००१० हा कोड सरळ ओसीव्हीच्या वायरिंगचा असतो. तो आला तर ऑइलकडे जाण्याआधी इथेच शोधा.

३. ओसीव्ही

बहुतेक हेडवर ओसीव्ही एकाच १० च्या बोल्टवर असतो. इंजिन थंड असताना काढा, खाली फडकं ठेवा. जाळीवर काय अडकलंय ते उजेडात बघा. काळा चिकट गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. चकाकणारे धातूचे कण दिसले तर इथेच थांबा, त्याबद्दल पुढे लिहिलंय. आणि राखाडी किंवा काळ्या रबरासारखे तुकडे दिसले तर ती सिलिकॉन पेस्ट आहे.

ही पेस्ट हेड बदललेल्या गाड्यांचा खास आजार आहे. टायमिंग चेनचं कव्हर परत लावताना कारागीर मोठी जाड लड लावतो, बोल्ट आवळले की जास्तीची पेस्ट आतल्या बाजूला दाबली जाते, वाळून सुटते, चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडते आणि ऑइलबरोबर फिरत फिरत जाळीवर येऊन बसते. रावेरची एक गाडी माझ्याकडे एकाच कोडसाठी तीनदा आली. दोनदा मी जाळी साफ करून पाठवली. तिसऱ्यांदा चेंबर उतरवलं, तेव्हा पंपाच्या स्ट्रेनरवर पेस्टचा थर होता. ते कव्हर मीच लावलं होतं. तेव्हापासून पेस्ट दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक रेषेतच लावतो आणि दुसऱ्याने लावलेलं कव्हर असेल तर चेंबर उतरवायला मागेपुढे बघत नाही. जाळीवर पेस्ट दिसली की नुसती जाळी साफ करून गाडी सोडू नका. तुकडे खालीही असणारच.

मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स घ्या. थंड असताना बहुतेकांचा ७ ओहमच्या आसपास येतो. सर्किट उघडं किंवा शून्य दाखवलं तर ओसीव्ही गेला. मग बॅटरीवरून १२ व्होल्ट एक-दोन सेकंद देऊन बघा: आतली दांडी टकन पुढे जायला हवी आणि करंट काढल्यावर परत यायला हवी. करंट जास्त वेळ देऊ नका, कॉइल जळते. दांडी अर्ध्यावर अडकत असेल तर साफ करून पुन्हा लावण्यात वेळ घालवू नका, नवीन टाका. ओ-रिंग प्रत्येक वेळी नवीन.

आता यातली सगळ्यात उपयोगी चाचणी. ओसीव्ही परत बसवा, इंजिन गरम करा, स्लोला चालू ठेवा, कपलर काढा आणि ओसीव्हीला बाहेरून १२ व्होल्ट क्षणभर द्या. इंजिन लगेच थरथरलं किंवा बंद पडलं तर उत्तम. ऑइल पोचतंय आणि गिअर हलतोय, म्हणजे दोष वायरिंग, सेन्सर किंवा ईसीएमकडे. काहीच फरक पडला नाही तर ऑइल वर पोचत नाही किंवा गिअर अडकलाय. या एका चाचणीने मी दोन-दोन दिवसांचं काम वाचवलंय. पंख्यापासून आणि बेल्टपासून वायर लांब धरा.

४. कॅम सेन्सर

हेड बदलताना जुना सेन्सर नव्या हेडमध्ये बसला म्हणजे चालला, असं समजू नका. कॅमवरच्या दातांची संख्या आणि मांडणी वेगळी असू शकते. ईसीएमला ज्या मांडणीची सवय आहे ती मिळाली नाही तर तो गोंधळतो आणि पी०३४० किंवा पी००१६ टाकतो. जुन्या आणि नव्या कॅमचे फोटो शेजारी ठेवून दात मोजा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हेड चढवण्याआधी केलं तर फुकट.

५. ऑइल प्रेशर

इथून पुढे अवजारं लागतात. ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्या जागी घड्याळी गेज लावा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्लोला आणि ३००० आरपीएमला आकडा घ्या आणि पुस्तकाशी ताडून बघा. पुस्तक हाताशी नसेल तर दर १००० आरपीएमला निदान १० पीएसआय हा जुना अंदाज धरा. गरम स्लोला प्रेशर पडत असेल तर पहिल्या तक्रारीचं कारण सापडलं: पंप किंवा बेअरिंग झिजलंय आणि गिअरला धरून ठेवायला ऑइल पुरत नाही.

खाली प्रेशर भरपूर, पण ओसीव्हीच्या चाचणीत काहीच हललं नाही, तर अडथळा ब्लॉक आणि हेड यांच्या मधे आहे. अनेक ब्लॉकमध्ये वर जाणाऱ्या वाटेत एक बारीक भोकाची जेट असते, कारण साध्या कॅमला तेवढंच ऑइल पुरतं. दुसरी शक्यता, गॅस्केट साध्या इंजिनाची लावली आणि व्हीव्हीटीचं भोक तिने झाकून टाकलं. तिसरी, हेडमध्ये भोक आहे, पण त्याच्याखाली ब्लॉकमध्ये भोकच नाही. अमेरिकेत होंडाच्या साध्या ब्लॉकवर व्हीटेक हेड चढवतात तेव्हा हाच प्रश्न येतो, आणि तिथे ब्लॉकच्या प्रेशर स्विचच्या जागेवरून बाहेरून नळी काढून हेडला ऑइल देतात. व्हीटेक कॅमचा आकारच बदलतं, आपलं व्हीव्हीटी नुसती वेळ बदलतं. ऑइलची भूक मात्र दोघांना आहे. अशी नळी जुगाड करून रबरी पायपाची लावू नका. हायवेवर ती फुटली तर मिनिटभरात इंजिन जाम होतं.

६. टायमिंग, आणि फेस मारलेलं हेड

पी००१६ म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) आणि कॅम यांचा मेळ नाही. चेन एक दात चुकली असेल, ताणली असेल, किंवा टेन्शनर गेला असेल. पण जुन्या बाजारातल्या हेडमध्ये एक कारण वेगळंच असतं. लेथवाल्याने ते दोन-तीनदा फेस मारलेलं, म्हणजे खालची बाजू घासून सपाट केलेलं, असतं. हेड जितकं पातळ होतं तितका कॅम क्रँकच्या जवळ येतो, चेनची सैल बाजू वाढते आणि कॅम थोडा मागे पडतो. मार्क बरोबर दिसतात, तरी कोड येतो. म्हणून हेड विकत घेतानाच त्याची जाडी मोजा.

याच ठिकाणी सगळ्यात महागडी चूक होते. व्हीव्हीटी इनटेक कॅमला पुढे सरकवतं तेव्हा पिस्टन वर असताना इनटेक व्हॉल्व्ह जास्त उघडलेला असतो. साध्या ब्लॉकच्या पिस्टनवर व्हॉल्व्हसाठी पुरेसा खळगा नसेल, आणि हेड फेस मारून खाली आलेलं असेल, तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो. हेड बसवण्याआधी पिस्टनवर शाडूची किंवा मुलांच्या खेळण्याची मऊ माती ठेवा, वर थोडं ऑइल लावा, हेड तात्पुरतं आवळा, गिअर पूर्ण पुढच्या स्थितीत धरून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. माती कापून सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटरपेक्षा कमी आली तर ते हेड त्या ब्लॉकवर चालवू नका. फिरवताना हाताला अडथळा लागला तर पाना लांब करून जोर लावू नका, तिथेच सोडा.

कुठे थांबायचं

ऑइल, फिल्टर, कपलर, ओसीव्ही आणि सेन्सर घरी किंवा गावातल्या गॅरेजमध्ये होतात. प्रेशर गेज वापरता येत असेल तर पाचवी पायरीही. त्यापुढे हात घालू नका.

ऑइलचा लाल दिवा लागला तर इंजिन त्याच जागी बंद करा आणि गाडी टो करा. पुढच्या गावापर्यंत नेऊ म्हणू नका. जाळीवर धातूचे कण, ऑइल दुधाळ झालेलं, खरखर तीन सेकंदांत न थांबता गरम झाल्यावरही चालू राहिलेली, किंवा पी००१६ आणि सोबत टक-टक आवाज: यातलं काहीही असलं तर स्टार्ट मारून बघू नका. व्हीव्हीटी गिअर स्वतः उघडू नका. आत स्प्रिंग आणि लॉक पिन असते. उघडल्यावर बहुतेकदा तो नीट बंद होत नाही. गिअर वेल्ड करून कायमचा जाम करून देतो म्हणणारेही भेटतील, त्यांना नाही म्हणा. वेल्डच्या उष्णतेने तो वाकडा होतो आणि चेन खातो.

ब्लॉकची वाट मोठी करणं, जेट बदलणं, हेडची भोकं जुळवणं ही कामं इंजिन बांधणाऱ्या माणसाची आहेत, आणि त्याच्याकडे बोअरिंगचं मशीन असलेलं दुकान हवं. शेवटी ब्लॉकसकट पूर्ण व्हीव्हीटी इंजिनच टाकायचं ठरलं, तर इंजिन नंबर बदलतो; मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी लागते, मग काम.

त्या माणसाकडे जाताना नुसतं "ओढत नाही" सांगू नका. कोड, तो थंडीत येतो की गरम झाल्यावर, टाकलेला ऑइल ग्रेड, गरम स्लोचं आणि ३००० चं प्रेशर, ओसीव्हीला १२ व्होल्ट दिल्यावर काय झालं, आणि हेडची मोजलेली जाडी, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. कागद असेल तर तो थेट गॅस्केटच्या भोकांपासून सुरुवात करेल.